जनुक सापडलं, मग पुढे काय? पोटाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाबद्दल

प्रश्न नागपूरच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी झालं. आजोबा ७२व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेले. याच विषयात, रेणूंच्या पातळीवर, संशोधन करायची इच्छा आहे. पण अशा शास्त्रज्ञाची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते? जनुक शोधायचं, आणि मग?"

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी शोध लावणाऱ्यांपैकी नाही. दुसऱ्यांनी शोधलेली जनुकं रुग्णांच्या डीएनएत तपासायची आणि रिपोर्टवर सही करायची, हे काम मी पंचवीसेक वर्षं करते आहे. त्यामुळे शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीकडे मी जरा खालून बघते: त्याने जे शोधलं ते माझ्या टेबलावर कसं येऊन पडतं, तिथून. तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ते शेवटचं "आणि मग?" पोटाच्या कॅन्सरच्या बाबतीत खरं काम तिथेच सुरू होतं. ते दाखवायला मी एकाच माणसाची गोष्ट सांगणार आहे: न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले पॅरी गिल्फर्ड.

गिल्फर्ड पोटाकडे वळले ते कानाकडून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टीन पेती यांच्या प्रयोगशाळेत होते. विषय होता जन्मजात बहिरेपणा. ट्युनिशियातल्या, नात्यात लग्नं होणाऱ्या दोन कुटुंबांच्या डीएनएवरून बहिरेपणाचं एक जनुक १३व्या गुणसूत्राच्या कोणत्या भागात असावं हे त्यांनी १९९४ साली दाखवलं. जनुक त्या वेळी हाती आलं नव्हतं, फक्त गल्ली कळली होती. घर नंतर, १९९७ साली, दुसऱ्यांनी शोधलं. ते कनेक्सिन २६.

आता बहिरेपणा आणि पोटाचा कॅन्सर यांचा संबंध काय? आजार म्हणून काहीच नाही. संबंध पद्धतीचा. मोठं कुटुंब घ्यायचं, कोण आजारी आणि कोण बरं याची नोंद करायची, प्रत्येकाच्या डीएनएवर ठरावीक अंतरावरच्या खुणा तपासायच्या आणि कोणती खूण आजाराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे हे बघायचं. याला लिंकेज म्हणतात. तरुणपणी हातात बसलेली ही एक कला घेऊन ते ओटागो विद्यापीठाच्या गावी, डुनेडिनला, परतले. तुझ्या वयाच्या मुलं-मुली "विषय कोणता निवडू?" म्हणून रात्री जागतात. पहिल्या पाच वर्षांत विषयापेक्षा हातात काय बसतं हे जास्त महत्त्वाचं, असं माझं मत आहे. विषय नंतर चालून येतो. इथे तर तो अक्षरशः चालून आला.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर बे ऑफ प्लेंटी नावाचा किनारी भाग आहे. तिथल्या एका मोठ्या माओरी घराण्यात माणसं तरुणपणी पोटाच्या कॅन्सरने जात होती. तीस वर्षांत पंचवीस मृत्यू, आणि त्यांतलं सगळ्यात लहान मूल चौदा वर्षांचं. १९६४ सालीच तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात या घराण्यावर लेख छापून आला होता. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं, घरच्यांना तर होतंच. घराण्यावर शाप आहे असंही बोललं जायचं. आपल्याकडे नाही का म्हणत, "त्यांच्या घरात पितृदोष आहे"? पण शापावर थांबायला काही जण तयार नव्हते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुटुंबाने आपण होऊन विद्यापीठाचं दार ठोठावलं. शास्त्रज्ञ रुग्ण शोधत गेले नाहीत.

कुटुंबाकडे शास्त्रज्ञांना दुर्मीळ वाटावी अशी एक गोष्ट होती: वंशावळ. माओरी लोकांत 'व्हाकापापा' म्हणजे आपल्या पूर्वजांची परंपरा मुखोद्गत असणं, ही ओळखीची आणि मानाची बाब. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याच्या नोंदी सापडतात, तसं काहीसं, पण लोकांच्या तोंडी. कोण कोणाचा, कोण कितव्या वर्षी आणि कशाने गेला, हे कुटुंबानेच गोळा केलं. रक्ताचे नमुने कसे वापरायचे, काय जाहीर करायचं, हे बरोबरीने ठरवलं. पुढे जो निबंध आला त्याच्या लेखकांच्या यादीत घराण्यातली माणसं आहेत. आभाराच्या ओळीत नव्हे, लेखक म्हणून. १९९८ साली हे फार क्वचित होत असे.

मी इथे मुद्दाम रेंगाळते आहे. रेणूंचं शास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि पिपेट येतं. पण या शोधातला निम्मा भाग कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून, "आणि तुमच्या धाकट्या मावशीचं काय झालं?" असं विचारण्यात गेला असणार. मी स्वतः वंशावळी काढते, म्हणून सांगते. पहिल्या भेटीत लोक "आजी पोटाच्या विकाराने गेल्या" एवढंच सांगतात. तो अल्सर, कावीळ की कॅन्सर, हे तिसऱ्या भेटीत, बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाकडून कळतं. आणि आपल्याकडे लग्न ठरायच्या मुली घरात असल्या तर तेही कळत नाही.

असो. डीएनएवरच्या खुणांचा माग १६व्या गुणसूत्रावर गेला. लिंकेजमध्ये पुराव्याचा एक आकडा असतो, लॉड स्कोअर. तो ३ झाला की "हा योगायोग नाही" याच्या बाजूने हजारास एक असा कौल. खूण जिथे बोट दाखवत होती तिथे शेजारीच ई-कॅडहेरिन या प्रथिनाचं जनुक होतं, सीडीएच१. हे नाव नवं नव्हतं. कॅडहेरिन प्रथिनं क्योतोच्या मासातोशी ताकेइची यांनी आधीच ओळखून दिली होती. आणि म्युनिकच्या गटाने १९९४ साली दाखवलं होतं की पोटाच्या 'डिफ्यूज', म्हणजे सुट्या पेशींनी पसरणाऱ्या, प्रकारच्या गाठींत हे जनुक वारंवार बिघडलेलं असतं. पण तो बिघाड गाठीपुरता, त्या माणसाच्या हयातीत घडलेला. जन्मतः, आई किंवा बापाकडून आलेला बिघाड कोणी दाखवला नव्हता.

मग सीडीएच१ चं अक्षरवाचन झालं. १६ तुकड्यांच्या या जनुकात ७वा तुकडा जिथे संपतो त्या कडेवर जी च्या जागी टी. एक अक्षर. ते एवढं महागात का पडावं? शिंप्याने कापडावर खडूने रेघ आखलेली असते, तशा जनुकावर कापायच्या आणि जोडायच्या जागा ठरलेल्या असतात. ती रेघ पुसली तर कात्री भलतीकडे चालते, तुकडे चुकीचे शिवले जातात आणि प्रथिन मध्येच तुटतं. मार्च १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. आणखी दोन माओरी घराण्यांतही त्याच जनुकात, पण वेगवेगळे, बिघाड सापडले होते. एका कुटुंबात सापडलेला बिघाड हा त्या कुटुंबाचा योगायोग ठरू शकतो. तीन कुटुंबांत तीन वेगळे बिघाड आणि आजार एकच, तेव्हा जनुकावरचा आरोप सिद्ध झाला.

ई-कॅडहेरिन करतं काय? शेजारच्या दोन पेशींना धरून ठेवतं. पेशीच्या बाहेर त्याचे पाच मणी असतात, मण्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसलं की ते ताठ होतात आणि समोरच्या पेशीच्या मण्यांना जाऊन अडकतात. आतल्या बाजूला ते कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. शर्टाचं बटण कापडाच्या आतल्या पट्टीत नीट शिवलेलं असावं तसं. बटण गेलं की पेशी सुटी होते.

सुटी झालेली पेशी कशी दिसते ते मला अजून आठवतं. मी नवीन होते. माझ्या वरिष्ठ बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड ठेवली आणि म्हणाल्या, "अंगठ्या मोज." मला काही दिसेना. जठराच्या अस्तरातल्या ग्रंथी ओळीत उभ्या, सगळं ठाकठीक. मग एकदम दिसलं: दोन ग्रंथींच्या मधल्या मोकळ्या जागेत एकेकट्या गोल पेशी, आत फिकट चिकट द्रव गच्च भरलेला आणि केंद्रक एका कडेला दाबून चंद्रकोरीसारखं झालेलं. खडा जडवलेली अंगठीच. म्हणूनच सिग्नेट रिंग सेल. एक दिसली की मग पाच दिसतात. गाठ नाही, उंचवटा नाही, नुसत्या अस्तराखाली शिरलेल्या सुट्या अंगठ्या.

आणि नेमकं हेच "आणि मग?"चं पहिलं संकट होतं. जनुक सापडल्यावर घराण्यातल्या कोणाचीही रक्ततपासणी करून सांगता येऊ लागलं की बिघाड आहे की नाही. ज्यांच्यात नाही त्यांची सुटका झाली. ज्यांच्यात आहे त्यांना सांगायचं काय? दुर्बीण टाकून दरवर्षी बघूया? पण हा कॅन्सर पृष्ठभागावर येतच नाही. दुर्बिणीतून अस्तर गुलाबी, गुळगुळीत दिसतं आणि खाली अंगठ्या पसरत असतात. जठराचे तीस-तीस तुकडे घेऊन तपासायची पद्धत पुढे ठरली. न्यूझीलंडच्या मंडळींनी अस्तरावर रंग टाकून फिकट डाग शोधायचाही प्रयत्न केला. तरीही "काही सापडलं नाही" म्हणजे "काही नाही" असं छातीठोक कोणी म्हणू शकत नव्हतं.

२००१ साली डेव्हिड हंट्समन आणि सहकाऱ्यांनी पाच जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचही तरुण, बिघाड असलेले, काहीही त्रास नसलेले, आणि त्यांनी आपलं संपूर्ण जठर काढून टाकायचा निर्णय घेतला होता. काढलेली जठरं बारीक चिरून पाहिली तर पाचही जणांत सुरुवातीचा कॅन्सर सापडला. त्यानंतर शस्त्रक्रियेकडचा कल पक्का झाला. आजही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: घराण्यात कॅन्सर झालेला असेल आणि बिघाड निश्चित असेल, तर साधारण २० ते ३० या वयात जठर काढण्याचा विचार करावा. जठर नसलेला माणूस जगतो, कामाला जातो, त्याला मुलं होतात. पण वजन झपाट्याने उतरतं, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं लागतं, गोड जास्त झालं तर घाम फुटून गरगरतं आणि बी१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. पंचविशीतल्या निरोगी माणसाला हे सुचवायचं, तेही एका अक्षराच्या जोरावर.

म्हणून पुढचा प्रश्न आकड्याचा होता. बिघाड असलेल्या शंभरातल्या किती जणांना खरंच कॅन्सर होतो? बरीच वर्षं उत्तर दिलं जायचं: ऐंशीव्या वर्षापर्यंत पुरुषांत जवळपास ७० टक्के, बायकांत निम्म्याहून जास्त, शिवाय बायकांना स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) कॅन्सरचा धोका वेगळा. २०१९ साली नवी आकडेमोड आली, पोटाच्या कॅन्सरचा धोका पुरुषांत ४० टक्क्यांच्या आसपास, बायकांत त्याहून कमी. आधीच्यांनी बेरीज चुकवली होती का? नाही. आधीची घराणी निवडली गेली तीच मुळी भरपूर मृत्यू झाले म्हणून. ज्यांच्याकडे बिघाड होता पण कोणी मेलं नव्हतं ती घरं कोणाच्या वहीत आलीच नाहीत. नंतर एकाच वेळी अनेक जनुकं तपासणाऱ्या पॅनेल चाचण्या स्वस्त झाल्या, भलत्याच कारणासाठी तपासणी करताना बिघाड असलेले लोक सापडू लागले आणि आकडा खाली आला. हा मुद्दा नीट मुरवून घे. जनुकशास्त्रात भल्याभल्यांची फसगत नमुना कुठून आला हे न विचारल्यामुळे होते.

हे काम एका प्रयोगशाळेचं नाही. १९९९ साली जगभरचे असे गट एकत्र आले, त्यातून मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्या २०१०, २०१५ आणि २०२० साली सुधारल्या गेल्या. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात राकेल सेरुका यांच्या गटाने एक किचकट काम हाती घेतलं: प्रथिन तुटत नाही, नुसतं एक अमिनो आम्ल बदलतं, अशा बदलांचा अर्थ लावणं. पेशींत तो बदल घालायचा आणि त्या एकमेकींना चिकटतात की सुट्या पडतात ते बघायचं. दिसायला साधा प्रयोग. पण माझ्यासारख्या रिपोर्ट लिहिणारीला त्याची किंमत विचार. आपल्याकडच्या रुग्णांत असा बदल सापडला की जागतिक संग्रहात तो बहुधा नसतोच, कारण त्या संग्रहांत आपली माणसं कमी. मग मी लिहिते, "अर्थ अनिश्चित." समोर बसलेली बाई विचारते, "म्हणजे आहे की नाही?" तिला मी काय सांगू? त्या बदलाच्या आधारे जठर काढायचं नाही, एवढंच ठामपणे सांगता येतं.

गिल्फर्ड यांच्या कारकिर्दीचा पुढचा टप्पा मला सर्वांत जास्त भावतो, आणि त्याची बातमी सर्वांत कमी झाली. काढलेली जठरं पूर्णपणे, चिकाटीने तपासल्यावर कळलं की काहींत अंगठ्यांचे असे बारीक पुंजके डझनांनी, काहींत शेकड्यांनी असतात. तरीही माणूस ठणठणीत. म्हणजे बहुतेक पुंजके वर्षानुवर्षं झोपलेले असतात. मग एखादाच जागा का होतो? जन्मतः एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली प्रत बंद पडली की पेशी सुटी होते. ती दुसरी प्रत अनेकदा तुटत नाही, तिच्यावर मेथिल गटांचं, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक गटांचं, कुलूप बसतं, हे २००० साली दिसून आलं. कुलूप आहे म्हणजे किल्लीचा विचार करता येतो.

तिथून त्यांची प्रयोगशाळा औषधाकडे वळली. इथे एक अडचण आहे, ती समजून घे. नेहमीची औषधं एखाद्या जास्त चालणाऱ्या प्रथिनाला रोखतात. इथे प्रथिनच नाहीये. जे नाही त्याला रोखणार कसं? म्हणून उलटा विचार: ई-कॅडहेरिन नसल्यामुळे पेशीला दुसऱ्या कशाचा तरी आधार घ्यावा लागत असेल, तो आधार काढून घेऊ. चांगल्या पेशीला दोन्ही पाय, तिला एकाने फरक पडत नाही. लंगडीची काठी काढली की ती पडते. त्यांनी एकाच प्रकारच्या पेशींची एक जोडी घेतली, एकीत ई-कॅडहेरिन आहे, दुसरीत नाही. एकेक करत जवळपास सगळी जनुकं बंद करून पाहिली, आणि चार हजारांवर औषधी रेणू टाकून पाहिले. पेशीच्या सांगाड्याशी आणि बाहेरून आत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांशी संबंधित काही काठ्या सापडल्या, काही औषधांचे गट पुढे आले. हेतू हा की कधीतरी जठर न काढता, त्या झोपलेल्या अंगठ्याच अधूनमधून औषधाने झाडून टाकता याव्यात. ते औषध अजून रुग्णांच्या हातात पडलेलं नाही. १९९८ पासून मोजलंस तर पाव शतक उलटून गेलं. जनुक शोधायला लागलेला काळ त्यापुढे किरकोळ वाटतो.

मध्ये त्यांनी पॅसिफिक एज नावाची कंपनी उभारण्यात भाग घेतला आणि तिने लघवीतून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखणारी चाचणी बाजारात आणली. पोटाशी संबंध नाही. पण संशोधकाच्या आयुष्यात अशी एखादी आडवाट येतेच, आणि पैशाच्या दृष्टीने ती वाईट नसते.

आता पाय जमिनीवर आणते. वर सांगितलं ते सगळं पोटाच्या कॅन्सरच्या १ ते ३ टक्क्यांबद्दल आहे. जगात वर्षाला साडेनऊ लाखांवर नवे रुग्ण होतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पर्थच्या बॅरी मार्शल यांनी तो पिऊन दाखवला आणि रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चं नोबेल मिळालं, ही गोष्ट तू ऐकली असशील. जपानमध्ये दीड हजार लोकांवर कित्येक वर्षं नजर ठेवलेला एक अभ्यास २००१ साली आला: कॅन्सर झालेले ३६ जण सगळेच्या सगळे जिवाणू असलेल्यांत, जिवाणू नसलेल्या २८० जणांत एकही नाही. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित लागतो.

रेणूंच्या पातळीवर हा धागा मासानोरी हाताकेयामा यांनी पकडला. जिवाणू सुईसारख्या नळीतून कॅगए नावाचं प्रथिन आपल्या पेशीत टोचतो. ते आत जाऊन एसएचपी-२ या आपल्याच प्रथिनाला पकडतं आणि वाढीचा निरोप चालूच ठेवतं, हे त्यांनी २००२ साली दाखवलं. पूर्व आशियातल्या जिवाणूंचं कॅगए ही पकड जास्त घट्ट घेतं. आणि गंमत बघ, पुढे असंही दिसलं की कॅगए ई-कॅडहेरिनलाही जाऊन धरतं. दोन वाटा निराळ्या, पण दाराशी एकच बटण.

तुला भारतातला प्रश्न हवा असेल तर तो इथेच पडला आहे. आपल्याकडे हा जिवाणू घरोघर, पण देशाच्या बहुतेक भागांत पोटाचा कॅन्सर त्या मानाने कमी. आणि मिझोराममध्ये मात्र देशात सर्वांत जास्त. तिथे तंबाखूचा धूर मुरवलेलं 'तुइबूर' नावाचं पाणी तोंडात धरतात, धुरावलेले आणि खारवलेले पदार्थ खातात. कारण एकच असेल असं मला वाटत नाही. पण आयझॉलचा रुग्ण आणि नागपूरचा रुग्ण शेजारी ठेवून त्यांच्या गाठी वाचणं, हे काम कोणीतरी आयुष्यभर करावं इतकं मोठं आहे. वाचायच्या चौकटीही आता आहेत. २०१४ साली कॅन्सरच्या जनुकसंचांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने २९५ गाठींचा डीएनए वाचून चार गट पाडले: एप्स्टीन-बार विषाणूवाले, डीएनए दुरुस्ती बिघडलेले, गुणसूत्रं विस्कटलेले आणि जनुकसंच बऱ्यापैकी शाबूत असलेले. आपले सुटे अंगठीवाले बहुतेक या शेवटच्या गटात.

व्यवहाराचं थोडं. नेट-जेआरएफ किंवा आयसीएमआरची जेआरएफ दे. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) बघ, तिथे प्रयोगशाळा आणि रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. हे अंतर फार महत्त्वाचं. संख्याशास्त्र शीक, आर किंवा पायथन शीक. आणि पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून स्लाइड बघ, ही एक गोष्ट बायोटेकवाले टाळतात आणि पुढे पस्तावतात. नळीत आलेला डीएनए गाठीचा होता की शेजारच्या चांगल्या अस्तराचा, हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं पाण्यात. अंगठ्यांच्या बाबतीत तर हे नक्की होतं, कारण त्या विरळ असतात.

आमचीही एकदा फजिती झाली होती. ऊतक मेणात जपून ठेवलेल्या एका जुन्या ब्लॉकमधून काढलेल्या डीएनएत सीडीएच१ मध्ये एक झकास बदल मिळाला, सी च्या जागी टी, प्रथिन तोडणारा. दोन दिवस आम्ही सगळे हवेत. मग सवयीने रक्ताचा नमुना लावला, तिथे काही नाही. चला, गाठीपुरता असेल. त्याच ब्लॉकचे नवे काप घेऊन पुन्हा लावलं, तर तोही गायब, आणि भलत्याच चार ठिकाणी सी चे टी. फॉर्मॅलिनमध्ये ऊतक फार काळ राहिलं की सी हे अक्षर झिजतं आणि यंत्र त्याला टी वाचतं. रिपोर्ट गेला नव्हता, म्हणून वाचलो. तेव्हापासून ब्लॉकच्या डीएनएवर झिजलेली अक्षरं काढून टाकणारं एन्झाइम आधी फिरवल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि कुठलाही बदल दोनदा पाहिल्याशिवाय मानत नाही.

राहता राहिले तुझे आजोबा. तू विचारलं नाहीस, पण प्रश्नात ते आहेत. ७२व्या वर्षी, घरात एकट्यालाच झालेला पोटाचा कॅन्सर बहुधा आनुवंशिक नसतो आणि तेवढ्यावरून तुझी सीडीएच१ तपासणी करायला मी सांगणार नाही. पन्नाशीच्या आत डिफ्यूज प्रकार झाला असेल, किंवा जवळच्या नात्यात दोघांना पोटाचा कॅन्सर झाला असून निदान एकाचा प्रकार डिफ्यूज असेल, किंवा डिफ्यूजच्या जोडीला कोणाला स्तनाचा लोब्युलर कॅन्सर असेल, तर गोष्ट वेगळी. (माओरी असशील तर वयाची अटही नाही, कोणत्याही वयाचा डिफ्यूज पुरेसा. त्या एका घराण्याने मार्गदर्शक सूचनांत स्वतःची ओळ मिळवली आहे.)

तरी एक कर. आजोबांची फाइल घरात कुठेतरी असेल, बहुधा कपाटावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि बिलांबरोबर. त्यात बायोप्सीचा कागद शोध. निदानाच्या ओळीत 'इंटेस्टायनल' लिहिलंय, 'डिफ्यूज' लिहिलंय की 'पुअरली कोहेसिव्ह', म्हणजे एकमेकींना न धरणाऱ्या पेशी, ते बघ. आणि खाली कोपऱ्यात ब्लॉकचा नंबर असेल, तो उतरवून घे. मग आजीजवळ बस आणि आजोबांची भावंडं कशाने गेली ते विचार. पहिल्यांदा ती नीट सांगणार नाही.